साडेसहा दाणे चालतात, साडेआठ नाही : मास स्पेक्ट्रोमीटर सगळ्यांनाच का हवाय?

फेब्रुवारीत निफाडकडच्या माझ्या मामेभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. निर्यातीच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारलेल्या औषधांचा किती अंश मालात उरलाय त्याचा अहवाल. पानंच्या पानं औषधांची नावं आणि प्रत्येक नावापुढे ‘बीएलक्यू’, ‘बीएलक्यू’, ‘बीएलक्यू’. तिसऱ्या पानावर मधेच एक ओळ वेगळी : क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक, ०.०१३. शेजारच्या रकान्यात युरोपची मर्यादा, ०.०१.

पाठोपाठ फोन आला. “दादा, हे औषध मी यंदा मारलंच नाहीये. आणि पॉइंट शून्य एक तीन म्हणजे किती, ते तरी सांग.”

मी काही वर्षं अशाच एका लॅबमध्ये काढली आहेत. त्यामुळे घरातला कुठलाही रिपोर्ट, मग तो द्राक्षांचा असो की काकूच्या थायरॉइडचा, माझ्याकडेच येतो. पण भावाचा प्रश्न एकट्याचा नाही. तीळ, मसाले, गोळ्या, पाणी, मध, खेळाडूंचं मूत्र, सगळ्यांच्या बातम्यांत हल्ली असलेच बारीक आकडे असतात. ते आकडे काढणाऱ्या यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. लॅबमधले लोक नुसतं ‘मास स्पेक’ म्हणतात. त्याला एवढी मागणी का आली, हे समजायचं तर आधी तो आकडा समजायला हवा.

०.०१३ म्हणजे किती?

मर्यादा असते ०.०१ मिलिग्रॅम दर किलोला. यालाच दहा पीपीबी म्हणतात, म्हणजे अब्जात दहा भाग. डोक्यात काहीच उभं राहत नाही ना? मग कंटेनर घ्या. द्राक्षाच्या एका रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण तेरा टन माल बसतो. त्या तेरा टनांत दहा पीपीबीने औषध असेल, तर सगळं मिळून ते भरतं १३० मिलिग्रॅम. तांदळाचा एक दाणा वीसेक मिलिग्रॅमचा धरला, तर साडेसहा दाणे.

भावाच्या मालाचा हिशेब आला साडेआठ दाणे. अख्ख्या कंटेनरभर द्राक्षांत साडेसहा दाण्यांइतकं औषध चालतं, साडेआठ चालत नाही. यंत्र हा फरक ओळखतं, तेही ओंजळभर द्राक्षं वाटून काढलेल्या अर्काच्या एका थेंबाहून कमी नमुन्यात.

आणि ‘बीएलक्यू’? ज्या पातळीच्या खाली यंत्राच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, तिच्या खाली. म्हणजे शून्य नव्हे. ‘असेलही, पण मोजून सांगण्याइतकं नाही’, एवढाच त्याचा अर्थ.

यंत्र करतं काय? उफणणी

खळ्यावरची उफणणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे यंत्र अर्धं कळलेलंच आहे. तिव्ह्यावर उभं राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडायचं. वारा सगळ्यांना सारखाच लागतो, पण दाणा जड म्हणून पायाशी पडतो आणि भुसा हलका म्हणून लांब जातो. कुठे पडलं यावरून काय होतं ते कळतं.

मास स्पेकमध्ये धान्याच्या जागी रेणू असतात आणि वाऱ्याच्या जागी वीज किंवा चुंबक. अडचण एकच : साध्या रेणूला विजेचा ‘वारा’ लागतच नाही. त्याच्यावर आधी विद्युतभार चढवावा लागतो. भार चढलेल्या रेणूला आयन म्हणतात. मग हे आयन हवा काढून टाकलेल्या नळीत सोडायचे. हवा काढायची, कारण हवेचे रेणू वाटेत असतील तर आयन त्यांच्यावर आपटत राहतील, जत्रेच्या गर्दीत कुणी सरळ धावू शकत नाही तसं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या कोटीव्या भागाहूनही कमी ठेवावा लागतो. त्यासाठी मिनिटाला साठ हजारांच्या आसपास फेरे घेणारा पंप रात्रंदिवस चालू असतो. लोडशेडिंगवाल्या गावात ही लॅब का चालत नाही, त्याचं एक कारण हा पंप. तो बंद पडला तर नीट निर्वात होऊन यंत्र पुन्हा कामाला लागेपर्यंत एखादा दिवस सहज जातो.

जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिजमध्ये १९१२-१३ च्या सुमाराला याच तत्त्वावर निऑन वायू तपासला, तेव्हा एका ऐवजी दोन ठिकाणी खुणा उमटल्या : एक २० वजनाची, दुसरी २२ ची. एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे भाऊ असतात, हे तिथे दिसलं. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये यंत्र सुधारलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

आजच्या लॅबमधल्या बहुतेक यंत्रांत मोठं चुंबक नसतं. चार धातूच्या दांड्या असतात. त्यांच्यावरची वीज अशी बदलत ठेवतात, की एका वेळी एकाच वजनाचा आयन मधून पार होतो, बाकीचे दांड्यांवर आदळून संपतात. भोकांचा आकार क्षणाक्षणाला बदलता येणारी चाळणी म्हणा ना.

द्राक्षाचा रस हवेत उडवायचा कसा?

पन्नासएक वर्षांपूर्वीपर्यंत हे यंत्र मुख्यतः वायूंचं आणि सहज वाफ होणाऱ्या पदार्थांचं होतं. मोठे, नाजूक रेणू तापवले की जळून जायचे. प्रथिनं तर दूरच.

त्यातून दोन वाटा निघाल्या. अमेरिकेतल्या जॉन फेन यांनी द्रव एका बारीक सुईतून सोडला आणि सुईला काही हजार व्होल्ट जोडले. भार घेतलेले अतिसूक्ष्म थेंब उडतात, थेंब सुकत जातो आणि शेवटी भार घेतलेला रेणू तेवढा उरतो. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअर अनेकांकडे आहे. फवाऱ्याच्या थेंबांवर भार चढवला की औषध पानाच्या खालच्या बाजूलाही चिकटतं. म्हणजे औषध वेलीवर बसवणारी युक्ती आणि ते औषध नंतर पकडणारी युक्ती, या सख्ख्या बहिणी आहेत!

दुसरी वाट जपानच्या कोइची तानाका यांची, आणि ती चुकून सापडली. एका यंत्र कंपनीत नोकरी करणारा हा इंजिनिअर, पीएचडीसुद्धा नाही. कोबाल्टच्या भुकटीत त्यांनी चुकून ग्लिसरीन ओतलं. महागाची भुकटी टाकून कशी द्यायची म्हणून तेच मिश्रण लेझरखाली ठेवलं, आणि मोठे रेणू न तुटता उडाले. २००२ चं नोबेल फेन आणि तानाका यांनाही विभागून मिळालं. काटकसरीला नोबेल मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

या दोन युक्त्यांनंतर रक्त, रस, मूत्र, दूध असं जवळजवळ काहीही या यंत्राला दाखवता येऊ लागलं. मागणीची पहिली उडी तिथली आहे.

वजन सारखं असेल तर? मडकं आणि कौल

एक हुशार शंका इथे येते. दोन वेगवेगळ्या रेणूंचं वजन सारखंच निघालं तर? निघतं. नेहमीच निघतं.

त्यावर दोन उपाय. पहिला, यंत्रात सोडण्याआधी मिश्रण फोडून घ्यायचं. शाळेत शाईचा ठिपका दिलेला खडू पाण्यात उभा करायचो आणि रंग वेगवेगळ्या उंचीवर चढायचे, तेच हे. लॅबमध्ये खडूऐवजी एक बारीक नळी असते, तिला कॉलम म्हणतात. द्रवातून फोडलं तर यंत्राच्या नावाआधी ‘एलसी’ लागतं, वायूतून फोडलं तर ‘जीसी’. ‘एलसीएमएस’, ‘जीसीएमएस’ ही नावं रिपोर्टवर दिसतात ती याचमुळे.

दुसरा उपाय जास्त गमतीचा. समजा, एक मडकं आणि एक कौल काट्यावर अगदी सारखे भरले. दोन्ही जमिनीवर आपटा. मडक्याच्या खापऱ्या वेगळ्या, कौलाचे तुकडे वेगळे. यंत्रातही हव्या त्या वजनाचा आयन पकडून वायूवर आपटवतात आणि त्याच्या तुकड्यांची पुन्हा वजनं घेतात. रेणूचं वजन जुळलं, तुकडे जुळले, त्यांचं आपसातलं प्रमाण जुळलं आणि कॉलममधून बाहेर पडायची वेळही जुळली, तरच तो क्लोरपायरीफॉस. या चार साक्षी असतात म्हणून या रिपोर्टला परदेशातले खरेदीदार आणि कोर्टही मान देतात.

मागणी नेमकी कुणी वाढवली?

यंत्र चांगलं झालं म्हणून मागणी वाढली, हे उत्तर अर्धंच आहे. माझ्या मते खरी मागणी कायद्याने वाढवली. आणि कायदा यंत्राच्या मागे मागे चालत आला.

युरोपात ज्या औषधाला त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ लागू होते. हा आकडा विषाच्या अभ्यासातून आलेला नाही. लॅबना रोजच्या कामात जेवढं खाली भरवशाने मोजता येतं, साधारण तेवढ्यावर ती रेघ मारली आहे. ‘नकोच’ असं कायद्याला म्हणायचंय, पण शून्य मोजता येत नाही, म्हणून मोजता येणारं सगळ्यात लहान. यंत्राची नजर सुधारते, रेघ खाली सरकते, आणि त्या रेघेखाली बघायला सगळ्यांनाच तसं यंत्र लागतं. वर युरोपातल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एखाद्या हिश्श्याइतकीच रेसिड्यू चालेल, अशी स्वतःची अट घालतात.

२०१० चा हंगाम नाशिक-सांगलीकडे कुणी विसरलेलं नाही. युरोपात पोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. हेच ते आपलं ‘सीसीसी’, खरड छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला वापरायचं. माल इथून निघताना लॅबचे रिपोर्ट स्वच्छ होते, कारण तपासायच्या यादीत सीसीसी नव्हतंच. शिवाय ते पाण्यात इतकं रमतं, की एकाच झटक्यात शेकडो औषधं काढायच्या नेहमीच्या पद्धतीत ते अर्कात येतच नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. कंटेनर अडकले, भाव पडले, शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्यानंतर सीसीसी यादीत आलं. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची लॅब या सगळ्या तपासणीची पंच आहे.

या प्रकरणाने एक गोष्ट फार स्वच्छ दाखवली. नेहमीचा मास स्पेक हा हातात पाहुण्यांची यादी घेऊन मांडवाच्या दाराशी उभा राहिलेला माणूस आहे. यादीत नाव नसलेला समोरून गेला तरी त्याला तो दिसत नाही. म्हणून आता दुसऱ्या जातीच्या यंत्रांना मागणी आहे, जी रेणूचं वजन दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत मोजतात आणि आत आलेल्या सगळ्यांची नोंद करून ठेवतात. सीसीटीव्हीसारखं. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड, दोघांचंही वजन साध्या यंत्राला २८ दिसतं. या यंत्राला एक २८.००६ आणि दुसरा २७.९९५ दिसतो. वर्षभराने नव्या रसायनाचं नाव पुढे आलं, तर जुनी नोंद काढून पुन्हा पाहता येते.

तिळाचंही सीसीसीसारखंच झालं. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात इथिलिन ऑक्साइड असल्याची सूचना युरोपभर दिली. हा वायू मालातले जंतू मारायला वापरतात. पाठोपाठ पाव, बिस्किटं असे पदार्थ दुकानांतून परत घेतले गेले आणि भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासायचा नियम आला. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर बोट ठेवलं, तेही याच वायूवरून.

आता औषधं. जुलै २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टन या औषधात एनडीएमए नावाची कॅन्सरशी संबंध असलेली अशुद्धी आढळली. ती कुणी मुद्दाम घातली नव्हती. औषध बनवायची पद्धत बदलली आणि नव्या पद्धतीत ती आपोआप तयार होत राहिली. वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नाही, कारण कुणी शोधतच नव्हतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यानंतर दिवसाला ९६ नॅनोग्रॅम अशी मर्यादा ठेवली. पुन्हा तांदळाच्या दाण्यावर येऊ : एका दाण्याइतकं एनडीएमए रोज ९६ नॅनोग्रॅम या हिशेबाने संपवायचं म्हटलं, तर ५७० वर्षं पुरेल. एप्रिल २०२० मध्ये तर घराघरात अ‍ॅसिडिटीवर घेतली जाणारी रॅनिटिडीन अमेरिकेने बाजारातून काढून घ्यायला सांगितली. या जातीच्या अशुद्धी आपल्या औषधात होऊ शकतात का, हे तपासायचं काम तिकडच्या नियामकांनी सगळ्याच उत्पादकांवर टाकलं. तारापूर, महाड, कुरकुंभ, वाळूजच्या ज्या कारखान्यांचा माल बाहेर जातो, त्यांना हे चुकवता येत नाही. एक तर यंत्र घ्या, नाहीतर बाहेरच्या लॅबच्या रांगेत उभे राहा.

शेत आणि कारखान्यापलीकडे

बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचे चार थेंब टिपकागदावर घेतात. तो वाळलेला ठिपका मास स्पेकमध्ये टाकला की जन्मजात चयापचयाचे कितीतरी दुर्मीळ आजार दोन-तीन मिनिटांत चाळून होतात. गोव्याने २००८ मध्ये सरकारी दवाखान्यांतल्या बाळांसाठी ही तपासणी सुरू केली होती. मोठ्या हॉस्पिटलांत तानाकांच्या वाटेवरचं यंत्र जंतू ओळखतं. कल्चरमध्ये वाढ दिसली की जंतूचं नाव काही मिनिटांत, एरवी त्याला आणखी एक दिवस लागायचा. आयसीयूत तो एक दिवस फार मोठा असतो.

खेळाडूच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन त्याचं स्वतःचं की बाटलीतलं, हे त्यातल्या कार्बनच्या कमी-जास्त वजनाच्या दोन भावांचं प्रमाण पाहून कळतं. मधात उसाचं सिरप घातलं तर तेही याच युक्तीने पकडलं जातं, कारण ऊस हवेतला कार्बन फुलझाडांपेक्षा वेगळ्या रीतीने घेतो. भेसळवाल्यांनी मग तांदळाचं सिरप शोधलं. भाताची रीत फुलझाडांसारखीच, त्यामुळे ही चाचणी फसते. भेसळ करणाऱ्यांचं रसायनशास्त्र कच्चं असतं असं कुणी समजू नये.

फ्रिज-एसीच्या कारखान्यात नळीला सुईच्या टोकाहून बारीक गळती आहे का, ते पाहायला हेलियम सोडतात आणि फक्त हेलियमच ओळखणारा छोटा मास स्पेक बाहेर हुंगत फिरतो. नोव्हेंबर २००८ मध्ये चांद्रयान-१ मधून चंद्रावर जो ठोकळा आदळवला, त्यातही ‘चेस’ नावाचा मास स्पेक होता. पडता पडता त्याने १८ वजनाची, म्हणजे पाण्याची खूण टिपली.

सापडलं म्हणजे विष का?

नाही. आणि इथेच बातम्या सगळ्यात जास्त घोळ घालतात.

इथिलिन ऑक्साइडचंच घ्या. तिळासाठी युरोपची मर्यादा ०.०५, अमेरिकेची ७. तब्बल १४० पट. तोच तीळ एका बंदरात गुन्हेगार, दुसऱ्या बंदरात निर्दोष. मर्यादा म्हणजे त्या देशाने विज्ञान, सोय, भीती आणि व्यापार मिळून काढलेली रेघ. ती ओलांडली म्हणजे नियम मोडला, एवढं नक्की. खाणारा आजारी पडेल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर किती खाल्लं, किती दिवस खाल्लं आणि पदार्थ कोणता, यावर ठरतं.

‘पूर्वी असलं काही नव्हतं’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात, त्यांना मी हळूच विचारतो, पूर्वी बघत कोण होतं? पूर्वी डीडीटी आणि बीएचसी सर्रास मारलं जायचं. ते मोजणारं यंत्र तालुक्याला काय, जिल्ह्यालाही नव्हतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘मर्यादेत आहे ना, मग झालं’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांवरही माझा फार विश्वास नाही. मर्यादा एकेका औषधाची असते. एकाच घडात सात औषधं, प्रत्येक मर्यादेच्या आत, हे मी स्वतः रिपोर्टमध्ये पाहिलं आहे. सातही मिळून काय करतात, त्याचा रकाना त्या रिपोर्टमध्ये नसतो.

दोन लॅब, दोन आकडे. खोटं कोण?

बहुधा कुणीच नाही. या पातळीवर युरोपचे मार्गदर्शक नियमच पन्नास टक्के अनिश्चितता धरून चालतात. म्हणजे भावाचा ०.०१३ हा खरं तर ०.००६५ ते ०.०१९५ मधला कुठलाही आकडा असू शकतो. युरोपातले सरकारी अधिकारी माल नाकारण्याआधी ही सूट देतात. पण निर्यातदार त्या सुटीवर लाखोंचा कंटेनर लावत नाही, त्याला इथेच स्वच्छ रिपोर्ट हवा असतो.

नमुना कुठून घेतला, हेही आहेच. बांधाकडच्या ओळीतले घड आणि मधल्या ओळीतले घड यांत फरक पडतो. आणि तिसरं कारण खास या यंत्राचं आहे. सुईतून थेंब उडताना औषधाच्या रेणूंसोबत साखर, रंग, आम्ल यांचेही रेणू भार मिळवायला धडपडत असतात. वरातीच्या बँडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये, तसा औषधाचा आवाज दबतो. हिरव्या द्राक्षात हा त्रास कमी, काळ्यात जास्त, मिरची-हळदीत तर विचारू नका. त्यावर तोडगे आहेत, पण ते काळजीने वापरणारा माणूस लागतो. संगणकाने काढलेल्या टेकडीसारख्या आलेखाचा पायथा कुठे धरायचा, हे मी आणि माझी सहकारी कित्येकदा अर्धा अर्धा तास भांडून ठरवायचो. आकडा तिथे बदलतो.

मग सगळीकडे हेच यंत्र बसवावं का?

मुळीच नको. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यातल्या कितीतरी जणांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल ४८.६ टक्के असल्याचं सरकारी लॅबच्या अहवालात आलं. चालतं किती, तर ०.१ टक्का. हे पीपीबीचं काम नव्हे. जवळपास निम्मी बाटली विष होती. हे पकडायला दोन कोटींचं यंत्र लागत नाही, काचेच्या पट्टीवर ठिपका देऊन करायची साधी, स्वस्त चाचणी पुरते. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं याच रसायनाने गेली, त्यानंतर कच्चा माल तपासा असं जगभर बजावून झालं होतं. कमतरता यंत्राची नव्हती.

म्हणून ‘प्रत्येक जिल्ह्याला अत्याधुनिक लॅब’ अशी घोषणा ऐकली की मला धास्ती वाटते. एका संस्थेत मी नवाकोरा मास स्पेक आठ महिने प्लास्टिकच्या आच्छादनाखाली पाहिला आहे. पंप गेला होता आणि पंपाची फाइल टेबलाटेबलांवर फिरत होती. यंत्र घ्यायला अनुदान होतं, चालवायला नव्हतं.

एवढं महाग का, आणि आपण का बनवत नाही?

रोजच्या रेसिड्यू तपासणीचं यंत्र साधारण दीड-दोन कोटींपासून पुढे, सीसीटीव्ही जातीचं त्याहून बरंच वर. शिवाय चोवीस तास नायट्रोजन, शुद्ध सॉल्व्हंट, प्रत्येक औषधाचा महागडा शुद्ध नमुना, वार्षिक देखभालीचा करार. सॉल्व्हंटचीही गंमत आहे. अ‍ॅसिटोनायट्राइल हे या कामाचं लाडकं द्रव्य, पण ते मुख्यतः अ‍ॅक्रिलिक धागा आणि प्लास्टिकच्या कच्च्या मालाचं उपउत्पादन. २००८-०९ च्या मंदीत गाड्या आणि कपडे खपेनात, तो कच्चा माल कमी बनला, आणि जगभरच्या लॅब अ‍ॅसिटोनायट्राइलवाचून अडल्या.

यंत्र बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, बहुतेक अमेरिका, जपान आणि जर्मनीतल्या. आपल्याला येत नाही असं नाही. अणुइंधनातल्या युरेनियमचं प्रमाण मोजायला भाभा अणुसंशोधन केंद्राने ट्रॉम्बेत स्वतःचे मास स्पेक्ट्रोमीटर बनवले आहेत. पण वर्षाला पाच-दहा यंत्रं स्वतःपुरती घडवणं वेगळं, आणि नाशिकच्या लॅबला दर आठवड्याला पाचशे नमुने न कुरकुरता काढून देणारं, बिघडलं तर दुसऱ्या दिवशी माणूस पाठवणारं उत्पादन विकणं वेगळं. मागणी आत्ताच्या वेगाने वाढत राहिली तर सुट्या भागांपासून सुरुवात करायला जागा आहे : पंप, दांड्या, सुया, नायट्रोजन बनवणारी यंत्रं. तोवर, ज्यांना वर्षातून दोनदाच गरज पडते त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासायची सोय आहे.

भावाचं काय झालं?

त्याने खरंच क्लोरपायरीफॉस मारलं नव्हतं. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने रांगड्या कांद्यावर फुलकिड्यांसाठी मारलं होतं, आणि वारा द्राक्षाच्या दिशेने होता. उफणणीच म्हणायची ती. कांद्यावर हे औषध आपल्याकडे चालतं, द्राक्षात युरोपला ते बघायचंसुद्धा नाही. शेजाऱ्याशी दोन दिवस अबोला झाला, मग दोघांनी ठरवलं की मळ्यात ब्लोअर काढण्याआधी एकमेकांना फोन करायचा.

बारा दिवस थांबून त्याने पुन्हा नमुना दिला. नवी पीडीएफ आली, आणि तिसऱ्या पानावरच्या त्या ओळीपुढेही आता बीएलक्यू होतं. मी त्याला समजवायला घेतलं, की बघ, बीएलक्यू म्हणजे शून्य असं नसतं...

“दादा,” तो म्हणाला, “कंटेनर भरायला लागलाय. संध्याकाळी बोलू.”